सात नंबरचं टोपडं

अहो,

डाव्या मनगटावर गोठलेल्या मटारांची पिशवी ठेवून उजव्या हाताने हे लिहितेय. लग्न ठरल्यावर तुम्ही सांगलीत आणि मी नागपुरात होते, तेव्हासुद्धा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आता तुम्हाला जाऊन चार-साडेचार महिने होत आले आणि मी कागद घेऊन बसलेय. कारण सांगू? मला राग आलाय. तुमच्यावर. आणि तो ऐकून घ्यायला, पेपरमध्ये डोकं खुपसून वाचत असल्याचं नाटक करायला तुम्ही समोरच्या खुर्चीत नाही, याचा त्याहून जास्त राग आलाय.

आज सकाळी मी गोल्फ कोर्सवर गेले होते. मी! जिला तुम्ही "थर्मास मॅनेजर" म्हणायचात ती. आणि तुमच्या चांगल्या सेटमधल्या सात नंबरच्या काठीने जानेवारीच्या दगड झालेल्या जमिनीवर असा दणका मारला, की कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बॉलखाली पायपुसणं ठेवलं नव्हतं. मुद्दामच ठेवलं नव्हतं.

लावलात ना कपाळाला हात?

आणि हो, काठी नाही, क्लब म्हणायचं, हे मला पाठ आहे. पण धरायला मूठ आणि टोकाला लोखंड असलेल्या लांब वस्तूला आमच्याकडे काठीच म्हणतात. दुरुस्त करायला तुम्ही नाही, तेव्हा मी काठीच म्हणणार.

तुम्हाला सगळं माहीत आहे, मान्य. पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. आज ऐका.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमधली आपली बाकीची मराठी मंडळी पन्नाशीत गुडघे सांभाळायला लागली, आणि तुम्ही गोल्फ सुरू केलात. ठीक आहे, उन्हाळ्यात खेळा, कोण नको म्हणतंय? पण हिवाळ्यात? ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी कोर्स उघडा. आणि कोर्स उघडा, की तुम्ही आणि देवधर भावजी कानटोप्या घालून हजर! गवत पिवळं पडलेलं, जमीन अशी की खुंटी ठोकायला हातोडा लागावा, नाकातून पाणी गळतंय, आणि दोघं शहाणे म्हणे "व्यायाम" करतायत. मी सोबत येऊन चहा ओतायचा. घरी एकटी बसून काय करू, म्हणून यायचे. आणि खरं सांगायचं तर तुमचं ते बावळटासारखं खूश होणं बघायलाही यायचे.

त्यात तुमचे दोन सेट. शेजाऱ्यांच्या गराज सेलमधून उचललेला, गंज चढलेला तो रोजचा. आणि तुम्ही रिटायर झालात तेव्हा ऑफिसच्या लोकांनी मिळून दिलेला तो सणाचा. चांगला सेट हिवाळ्यात बाहेर काढायचा नाही, कडक जमिनीवर काठीच्या तळाला खड्डे पडतात, दांडा वाकतो. थंडीत तो गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, आतला गोंद ठिसूळ होतो. गराजमध्येही नाही. म्हणजे कुठे? तर आपल्या बैठकीत, हीटरच्या जाळीपासून बेताच्या अंतरावर. माझ्या माहेरचे लोक आले तरी सोफ्यावर दाटीवाटीने बसायचे, पण ती बॅग हलायची नाही.

तेवढ्याने भागलं नाही. एका नोव्हेंबरमध्ये मला म्हणालात, "सुनंदा, तू छान विणतेस." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा असं म्हणाला, की बाईने सावध व्हावं. मी झाले नाही. तुमच्या लोखंडी काठ्यांच्या डोक्यांना मी राखाडी लोकरीची टोपडी विणली, प्रत्येकाला खाली नाडी, आणि वर लाल दोऱ्याने मराठी आकडे. ५, ६, ७, ८, ९. आपल्या आशूला लहानपणी मी एवढी टोपडी विणली नव्हती! देवधर भावजी हसले, तुमचे अमेरिकन मित्र हसले, आणि तुम्ही मात्र पाळण्यातल्या बाळांची ओळख करून द्यावी तसे सगळ्यांना ती दाखवत होतात.

मग त्यांची पूजा. खंडेनवमीला देवासमोर पोळपाट-लाटणं, तुमची स्क्रू-ड्रायव्हरची पेटी, माझं शिवणाचं मशीन आणि शेजारी दोन्ही सेट ओळीने मांडलेले. हळदकुंकू, झेंडूऐवजी जे मिळेल ते पिवळं फूल. इथपर्यंत मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण त्या वर्षी, म्हणजे गेल्याच्या गेल्या दसऱ्याला, तुम्हाला सांगलीची आठवण आली. तुमच्याकडे म्हणे कोयत्या-कुऱ्हाडींना पूजेनंतर तेल लावायचे, पात्याला आणि दांड्यालाही. झालं! खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसलात. चांगल्या सेटला मी हात लावू दिला नाही, माझ्या लोकरीला डाग पडले असते. पण रोजच्या सेटला तुम्ही आपादमस्तक तेल चोपडलंत. गंज लागणार नाही म्हणालात. अहो, ती मूठ रबराची होती! कुऱ्हाडीचा दांडा लाकडाचा, तेल पिऊन घेतो. रबर काय पिणार? आणि खोबरेल तेल इलिनॉयच्या गराजमध्ये डिसेंबरात काय होतं, हे केसांना लावणाऱ्या कुठल्याही बाईने तुम्हाला सांगितलं असतं. मला विचारलंत का?

तिथून सगळं सुरू झालं. तुम्ही नेहमी म्हणायचात की आशूच्या हट्टामुळे झालं. नाही. तेलामुळे झालं.

आशू तिकडे दक्षिणेतल्या प्लेनोहून ख्रिसमसच्या सुट्टीत आला होता. किती खूश होतात तुम्ही! बर्फ नाही, कोर्स उघडा, मुलगा घरी. सकाळी त्याने गराजमध्ये जाऊन रोजच्या सेटला हात लावला आणि आत येऊन बोटं हुंगत म्हणाला, "आई, ही ग्रिप अशी बटरी का आहे? इट स्मेल्स लाइक युवर हेअर." मी हसून हसून बेजार झाले. त्याने मात्र काय केलं, तर बैठकीतल्या बॅगेतून चांगली सात नंबरची काढली, टोपड्यासकट, आणि गुपचूप कोर्सवर न्यायच्या सामानात घातली. मी पाहिलं. काही बोलले नाही, कारण एका काठीने काय आकाश कोसळणार होतं?

कोर्सवर पहिलीच गंमत. आशूने रोजच्या सेटमधली एक काठी फिरवली आणि ती त्याच्या हातातून सुटून जी गेली, ती थेट तळ्याच्या बर्फावर. घसरत घसरत मध्यावर जाऊन थांबली. आणि तुम्ही निघालात की बर्फावर पाय टाकायला! मी तुमच्या कोटाची बाही धरून ओढतेय, आशू दुसरी बाही ओढतोय, तुम्ही "अरे, जाड आहे बर्फ, जाड आहे!" म्हणून ओरडताय. तिघंही हसत होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अहो, आपण तिघं मिळून हसलो ते तेव्हाच शेवटचं.

मग आशूने सात नंबर बाहेर काढली. तिचं टोपडं काढून खिशात कोंबलं.

"ही कशाला आणलीस? जमीन बघ जरा!" तुमचा आवाज लगेच चढला.

"बाबा, ती दुसरी हातात राहत नाहीये. एक शॉट, ओके?"

तुम्ही कुरकुरत तयार झालात, पण एका अटीवर. बॅगेतून पायपुसण्याचा तुकडा काढलात. आपल्या लाँड्रीच्या खोलीतलं जुनं पायपुसणं तुम्ही कात्रीने कापून खास हिवाळ्यासाठी ठेवलं होतं. त्यावर बॉल ठेवायचा, म्हणजे काठी जमिनीवर आपटत नाही. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण मागे दोन अमेरिकन पोरं त्यांची पाळी यायची वाट बघत उभी होती, आणि त्या पायपुसण्यावर अजून "वेलकम"मधली अर्धी अक्षरं होती.

"बाबा, प्लीज यार. डोअरमॅटवरून नाही मारणार मी."

आणि मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तवा फरशीवर पडावा तसा. आशू मनगट पोटाशी धरून वाकला, आणि तुम्ही धावलात. साठीच्या पुढचा माणूस एवढ्या वेगाने धावू शकतो, हे मला तेव्हा कळलं. धावलात, आणि जमिनीवर पडलेली काठी उचललीत. उलटी केलीत. तळावरून अंगठा फिरवलात.

आशू तसाच वाकलेला होता. त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "यू चेक्ड द क्लब फर्स्ट."

अहो, तेव्हा तरी! तेव्हा तरी काठी टाकून द्यायची होतीत! तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं होतं ना पायपुसणं ठेव म्हणून?" मग म्हणालात, "दाखव हात." पण तोवर त्याने हात कोटाच्या खिशात घातला होता. तो बाहेर काढलाच नाही. टोपडं त्या गडबडीत कुठेतरी पडलं, परत जाऊन शोधलं तरी सापडलं नाही.

एक दिवस आधीचं तिकीट करून तो प्लेनोला निघून गेला. मनगट नुसतं मुरगळलं होतं, थोड्या आठवड्यांत बरं झालं. बाकीचं बरं झालं नाही.

त्यानंतर दर रविवारचा फोन म्हणजे माझी परीक्षा! मी फोनवर, तुम्ही शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून. "विचार, मनगट कसं आहे." मी विचारायचे. तो म्हणायचा, "फाइन." "विचार, वजन उचलता येतं का." मी विचारायचे. "टेल हिम इट्स फाइन." तुम्हा दोघांच्या मध्ये मी टेलिफोन एक्स्चेंज होऊन बसले होते. गुढीपाडवा आला, उन्हाळा आला, आणि तुमचं अजून मनगटच! मी रिसीव्हर तुमच्यासमोर धरला, तर दोन्ही हात हलवत बाथरूममध्ये पळालात. एका वाक्याचं काम होतं. पोस्टमनला बर्फ काढायचा राहिला म्हणून सॉरी म्हणायचात. सुपरमार्केटमध्ये कुणाची ट्रॉली तुमच्या पायावर गेली तरी तुम्हीच सॉरी म्हणायचात. मग पोटच्या पोराशी बोलताना काय तोंड शिवलं होतं का?

मी म्हटलं होतं, सातसाठी दुसरं टोपडं विणते, लोकर आहे. "राहू दे," म्हणालात. आणि वर्षभर ती एकटी बोडक्या डोक्याने त्या बॅगेत उभी राहिली. मला वाटलं, रुसलात तिच्यावर.

आणि मग गणपती उठले त्याच आठवड्यात, शनिवारी, लॉन कापून आत आलात आणि "जरा दमलोय" म्हणून पाणी मागितलंत. जरा! काठ्यांना थंडी बाधेल म्हणून जीव टाकणाऱ्या माणसाने आपली छाती दुखतेय हे बायकोला सांगू नये? मी पाण्याचा ग्लास घेऊन आले तेव्हा तुम्ही सोफ्यावर डोळे मिटून होतात, आणि मला वाटलं, लागली वाटतं डुलकी. हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, एवढं सांगून ठेवते.

आशू आला. सगळं केलं त्याने, शहाण्यासारखं. एक टिपूस काढलं नाही. पाहुणे गेल्यावर घडीच्या खुर्च्या गराजमध्ये ठेवताना मला म्हणाला, "आई, ही नेव्हर आस्क्ड मी."

"दर रविवारी विचारत होते रे."

"तुला सांगत होते. मला नाही विचारलं."

त्याचं खरं होतं. तुमचंही खरं होतं. आणि दोघांच्या खऱ्यात माझा जीव जात होता. आपलं पोर उरलेलं आयुष्य असं धरून चालणार, की माझ्या बापाला माझ्या हातापेक्षा लोखंड प्यारं होतं! तुम्ही तर निघून गेलात. हे निस्तरायचं कोणी?

या संक्रांतीला तिळगुळाचं पार्सल पोचलं का, म्हणून फोन केला. बोलता बोलता मी विचारलं, बाबांचे सेट घेऊन जातोस का, तुझ्याकडे हवा गरम, जमीन मऊ. तर म्हणाला, "डोनेट कर ना, आई. मला ते बघायचंपण नाहीये." आणि विषय बदलला.

मी देवधर भावजींना बोलावलं. त्यांना असल्या जागा माहीत असतात. ते आज सकाळी आले, चहा प्याले, बॅगेजवळ उभे राहिले आणि बोडक्या सातवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, ही तर नवीनच आहे अजून. अख्ख्या उन्हाळ्यात त्याने हिला हात लावला नाही."

"म्हणजे?"

"दर नंबरचा क्लब वेगळ्या अंतराचा. सातने मारायचं अंतर असलं तरी हा सहा नाहीतर आठ घ्यायचा. दोन्ही चुकीचे. बॉल एकदा पुढे, एकदा मागे. मी म्हणायचो, अरे, सेव्हन काढ ना यार! तर म्हणायचा, तिला राहू दे, तिला बघितलं की मला आशूचा चेहरा दिसतो."

हे तुम्ही देवधरांना सांगितलंत! आठ महिने मी तुमच्या समोर बसून जेवत होते, रविवारचे निरोप वाहत होते, आणि मनातली गोष्ट कुणाला सांगितली, तर देवधरांना, गोल्फच्या मैदानात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कोट चढवला, तुमची कानटोपी घातली, बॅगेतून सात ओढून काढली आणि म्हटलं, "चला, मला कोर्सवर घेऊन चला."

"वहिनी, जमीन दगड झालीय."

"तशीच हवी आहे."

बिचारे! बॅग उचलून मुकाट्याने मागे आले. कोर्सवर कुणी नव्हतं. तळं गोठलेलं. त्याच जागी उभी राहिले मी. भावजी पायपुसणं काढायला लागले, मी नको म्हटलं. ते "पाय असे ठेवा, खांदा असा ठेवा" सांगत होते. मी कशाला ऐकतेय? मला खेळायचं नव्हतंच. मला ती काठी मोडायची होती. हिच्यामुळे माझं घर असं झालं, असं म्हणून मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. बॉल आपल्या जागी तसाच राहिला. काठी त्याच्या अलीकडेच जमिनीवर आदळली.

काय ती कळ, अहो! बोटांपासून कोपरापर्यंत वीज गेली. डोळ्यांसमोर अंधारी आली. भावजी ओरडले, "वहिनी, हात! हात बघा!"

आणि मी काय करत होते? मी काठी उलटी धरून तिच्या तळावरून अंगठा फिरवत होते.

माझाच हात होता. माझाच हात दुखत होता. काठी मोडायलाच तर आले होते मी! तरीही आधी काठी बघितली. आशूच्या वेळची खोच तिथे होती, आणि शेजारी नवी, माझी. त्या दोन खोचांवर अंगठा ठेवून मी त्या मोकळ्या मैदानात उभी राहिले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. भावजी गांगरून थर्मास शोधत होते. थर्मास आम्ही आणलाच नव्हता.

तुम्ही काही निवड केली नव्हतीत हो त्या दिवशी. जिथून आवाज आला तिकडे हात गेला, एवढंच. मला हे वर्षभर कळलं नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का? की तुम्हीही स्वतःबद्दल तेच समजत बसलात, जे आशू समजत होता?

घरी आल्याबरोबर मटारांची पिशवी मनगटावर ठेवली आणि प्लेनोला फोन लावला. शनिवार, तो घरीच होता. मी गाडीत सगळं भाषण तयार केलं होतं. बाबा असे होते, बाबा तसे नव्हते, तू समजून घे. सुरुवात साधी केली. म्हटलं, "आशू, आज मी बाबांच्या चांगल्या सेव्हन आयर्नने फ्रोजन ग्राउंडवर मारलं. मॅट न ठेवता."

"व्हॉट? आई! द गुड सेव्हन? क्रॅक नाही ना गेली? शाफ्ट बघितलास का? वाकला नाही ना?"

मनगटावरचे मटार गार लागत होते.

त्याच्याकडे स्वयंपाकघरात नळ वाहत होता तो मला ऐकू आला. मग नळ बंद झाला.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुझा हात?"

"सुजलाय जरा. मटार ठेवलेत."

"मी आधी... ओह गॉड. आई, मी आधी क्लब विचारला."

"हो रे राजा. मीही आधी तोच बघितला."

पुढे माझं भाषण राहूनच गेलं. तो रडत होता. तुम्हाला पोचवताना जो रडला नाही, तो आपला एवढा मोठा मुलगा हजार मैलांवर नळाशी उभा राहून हुंदके देत होता, आणि मध्येच "बाबा" म्हणत होता. फक्त "बाबा". मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसले. तुमची खुर्ची समोर होती. मला वाटलं, या वेळी तरी बाथरूममध्ये पळून जाऊ नका. बसा. ऐका.

शेवटी नाक पुसत म्हणाला, "डोनेट करू नकोस हां. एप्रिलमध्ये येतो मी. ग्राउंड सॉफ्ट झालं की."

"दोन्ही सेट ठेवू?"

"दोन्ही. आणि तो डोअरमॅटपण."

तर अहो, राग अजून आहे. तो जायचा नाही एवढ्यात. तेलाचा आहे, पाण्याच्या ग्लासाचा आहे, देवधरांचा आहे. एका फोनने जे झालं, ते तुमच्या तोंडून एका रविवारी झालं असतं, याचा सगळ्यात जास्त आहे. आज तुम्ही इथे हवे होतात. मी तुमच्याशी आधी भांडभांड भांडले असते आणि मग गरम पोळ्या वाढल्या असत्या.

पण वचन देते. येत्या खंडेनवमीला दोन्ही सेट देवासमोर मांडीन, हळदकुंकू वाहीन, आणि खोबरेल तेलाची बाटली कपाटात कुलूप घालून ठेवीन. एप्रिलमध्ये आशूबरोबर कोर्सवर जाईन आणि तुमची सात त्याच्याच हातात देईन. राखाडी लोकर शोधून काढलीय, लाल दोराही आहे. सातला नवं टोपडं विणणार आहे, नाडीसकट.

पण लगेच नाही. मनगट बरं झालं की मग. आधी हात.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच

सुनंदा